शेवभाजीची तर्री, निंबोळीचा अर्क आणि जंतू मारणारी झाडं

मागच्या फेब्रुवारीत आमच्या लॅबमधली एक मुलगी पेट्री प्लेट हातात धरून जवळपास पळतच माझ्या टेबलापाशी आली, मॅडम १८ एमएम, मॅडम बघा ना १८ एमएम. यावल तालुक्यात त्यांच्या शेताच्या बांधावर जुना कडूनिंब आहे, त्याची पानं सुकवून तिने अर्क काढला होता आणि त्या अर्काने प्लेटवर जंतू न वाढलेला स्वच्छ गोल पाडला होता, बरोबर १८ मिलिमीटरचा. तिचा चेहरा इतका फुललेला होता की मलाही छान वाटलं. मग तिने विचारलं, म्हणजे हे अँटिबायोटिकच झालं ना मॅडम?

मी हो म्हटलं नाही आणि नाहीपण म्हटलं नाही, कारण या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला सगळी दुपार लागली, आणि त्या दुपारी जे बोलणं झालं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय. व्हॉट्सॅपवर रोज कुठलं ना कुठलं पान कुठल्या ना कुठल्या रोगावर रामबाण असल्याचा मेसेज फिरतो, दुसरीकडे झाडपाल्यात काहीच नसतं असं ठामपणे सांगणारेही भेटतात, आणि दोघांनाही तो १८ एमएमचा गोल म्हणजे नेमकं काय हे कोणी नीट सांगितलेलं नसतं.

तर आधी गोल. प्लेटमध्ये आगर असतं, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेली जेली, तिच्यात जंतूंचं खाणं कालवलेलं. तिच्यावर बॅक्टेरिया पसरायचे, तेही मोजून, एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ कोटी इतके दाट, मग जेलीत ६ एमएमचं भोक पाडून त्यात अर्क टाकायचा आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवून द्यायची. सकाळी बघितलं तर सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते आणि भोकाच्या भोवती मात्र मोकळी जागा. अर्क जेलीत जिथपर्यंत पसरला आणि जिथपर्यंत त्याचा जोर टिकला तिथपर्यंत जंतू वाढले नाहीत, बस एवढंच तो गोल सांगतो. पसरणं वेगळं आणि जोर वेगळा, हे डोक्यात असू द्या, पुढे लागणार आहे.

पण झाडाकडे असलं काही असतंच कशाला? आपल्या सर्दी-खोकल्याची काळजी म्हणून तर झाड काही करत नाही. आपल्याकडची कपाशीच घ्या, एकदा लावली की पाच-सहा महिने तिथेच उभी, ऊन आलं तरी तिथेच, बुरशी आली तरी तिथेच, पळायला पाय नाहीत आणि आपल्यासारख्या अंगभर फिरून जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीपण नाहीत, मग तिच्याकडे राहतं काय, तर रसायन. कपाशीचं पान उजेडाकडे धरून बघा, बारीक काळे ठिपके दिसतील, सरकी फोडली तरी आत तसेच ठिपके दिसतात. त्या गाठी आहेत आणि त्यांच्यात गॉसिपॉल नावाचं पिवळं विषारी रसायन भरलेलं असतं, किडीला आणि जंतूंना दोघांनाही नकोसं. म्हणून तर सरकीची पेंड गाई-म्हशींना चालते, त्यांच्या पोटात ते बरंचसं निकामी होतं, कोंबड्यांना मात्र ती जपून द्यावी लागते, आणि सरकीचं तेल आपण रिफाइन केल्याशिवाय खात नाही. खान्देशातल्या प्रत्येक गावात हे औषधी रसायनांचं दुकान शेतात उभं असतं आणि आपण त्याकडे नुसतं क्विंटलच्या भावाने बघतो.

फुलाची अडचण तर पानाहून मोठी. पान निदान मेणचट सालीने झाकलेलं असतं, फूल उघडं, त्यात साखरेचं पाणी, आणि दिवसभर मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जाणार म्हणजे पायाला लागलेले यीस्ट आणि बॅक्टेरियापण सोबत येणार. साखरेचं पाणी उघडं ठेवलं तर आपल्या घरात दोन दिवसांत आंबतं. फुलात ते सहजी होत नाही, कारण मकरंदातच बंदोबस्त केलेला असतो. शोभेच्या तंबाखूच्या फुलात तर असं सापडलंय की मकरंदातली प्रथिनं तिथल्या तिथे हायड्रोजन पेरॉक्साईड तयार करतात, हो तेच, जखम धुवायला बाटलीत मिळतं ते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सातपुड्यात पळस फुलतो आणि डोंगर केशरी दिसायला लागतात तेव्हा मला प्रत्येक वेळी हे आठवतं. त्या फुलातला रंग ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन असल्या फ्लॅव्होनॉइड घराण्यातल्या रसायनांचा, होळीला आपण तोच पाण्यात उतरवतो. या घराण्यातली रसायनं झाडाला एकाच कामाची नसतात, पाखरांना-किड्यांना बोलवायला रंग म्हणून, कडक उन्हापासून आडोसा म्हणून आणि बुरशी-जंतूंना अटकाव म्हणूनही ती वापरली जातात.

आता यात दोन तऱ्हा आहेत. काही रसायनं आधीपासून भरून ठेवलेली, जसं वरचं गॉसिपॉल, आणि काही हल्ला झाल्यावर ताजी बनवलेली. कपाशीला मर रोगाची बुरशी लागली की खोडात गॉसिपॉलच्या भाऊबंदांपैकी काही रसायनं नव्याने तयार व्हायला लागतात. अशा ऐनवेळच्या रसायनांची कल्पना जर्मनीत म्युलर आणि बर्गर या दोघांनी १९४० साली बटाट्यावर काम करताना मांडली, त्यांना फायटोअॅलेक्सिन म्हणतात.

आणि तिसरी एक गंमतीशीर तऱ्हा आहे ती आपल्या रोजच्या ठेच्यात सापडते. लसणाची अख्खी पाकळी नाकाला लावून बघा, फारसा वास येत नाही. पाट्यावर किंवा खलबत्त्यात ठेचली की डोळ्यात पाणी येईल असा वास सुटतो. कारण पाकळीत अॅलिइन नावाचं रसायन एका खोलीत आणि त्याला तोडणारं एन्झाइम दुसऱ्या खोलीत ठेवलेलं असतं, भिंत फुटली की दोन्ही भेटतात आणि काही सेकंदांत अॅलिसिन तयार होतं, जंतू मारणारं खरं ते. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून दाखवलं. म्हणजे झाड अख्खं असताना त्यात ते औषध नसतंच, चावा बसला की बनतं. आणि लसूण अख्खाच उकळत्या पाण्यात टाकला तर ते एन्झाइम आधीच मरतं, अॅलिसिन बनतच नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर कच्चा ठेचा खाणं आणि अख्ख्या पाकळ्या घालून वरण उकळणं, लसूण तोच असला तरी रसायनाच्या हिशोबाने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरून मुख्य मुद्द्यावर येते, अर्क काढणं. मला विचाराल तर सगळ्या विषयाचा कणा हाच आहे आणि लोकं यालाच सगळ्यात हलकं समजतात.

शेवभाजी केली की वर लाल तर्री येते. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही, म्हणून तो तेलासोबत वर तरंगतो, आणि मीठ बघा, ते सगळं खालच्या रश्श्यात. एकाच मसाल्यातून तेलाने एक माल उचलला आणि पाण्याने दुसरा. लॅबमध्ये आम्ही हेच करतो, फक्त तेलाऐवजी हेक्झेन, मग अॅसिटोन, मग मिथेनॉल किंवा इथेनॉल आणि शेवटी पाणी. हेक्झेन मेणचट तेलकट रसायनं उचलतं, मिथेनॉल फ्लॅव्होनॉइड आणि बरीचशी अल्कलॉइड, पाणी टॅनिन आणि साखरा. त्यामुळे 'कडूनिंबाचा अर्क' असं नुसतं म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही, कशात काढला, पानाचा की सालीचा की निंबोळीचा, किती वेळ, किती गरम, हे सगळं सांगितलं पाहिजे. त्यासाठी काचेचं एक उपकरण वापरतात, सॉक्सलेट, १८७९ साली फ्रान्स फॉन सॉक्सलेट यांनी दुधातली चरबी मोजायला बनवलेलं, आज आपल्याकडच्या कॉलेजातही झाडपाल्याचा अर्क काढायला तेच. खाली सॉल्व्हंट, म्हणजे रसायन विरघळवून घेणारा द्रव, उकळतं, वाफ वर जाऊन थंड होऊन पानांच्या भुकटीवर टपटप पडते, भरलं की आपोआप खाली ओतलं जातं, परत उकळतं, असं तासन् तास.

आणि शेतकरी तेच करतो बरं का. ५ टक्के निंबोळी अर्क ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचं पाणी मिसळायचं आणि १०० लिटर करून फवारायचं. तो साबण तिथे उगाच नाही. निंबोळीतला तेलकट भाग पाण्यात मिसळत नाही, साबण त्याला धरून पाण्यात पसरवतो आणि पानाला चिकटायला मदत करतो. फक्त एक, निंबोळीतलं मुख्य रसायन अझाडिरॅक्टिन हे प्रामुख्याने किडीवर चालतं, किडीची खायची इच्छा मारतं आणि कात टाकण्यात गडबड करतं. त्यावरून कडूनिंब टायफॉइडच्या जंतूवरही तसंच चालेल असा अंदाज बांधला तर तो चुकेल. कीड वेगळी, बुरशी वेगळी, बॅक्टेरिया वेगळे.

अर्क काढायच्या पद्धतीने किती फरक पडतो याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण मलेरियाचं. चीनमध्ये तू यूयू या बाई १९७० च्या आसपास आपल्या दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती तपासत होत्या, अर्क कधी काम करायचा कधी नाही. मग त्यांना साधारण १६०० वर्षांपूर्वीच्या एका जुन्या नुस्ख्यात वाचायला मिळालं की पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्या. उकळा असं तिथे म्हटलंच नव्हतं! त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने रसायन मोडत असावं, मग त्यांनी ईथर वापरलं, जे ३५ अंशांच्या आसपासच उकळतं (आपल्या जळगावच्या मे महिन्यात तर ते नुसतं टेबलावर ठेवलं तरी उकळेल), आणि १९७१ मध्ये तो अर्क उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. १९७२ मध्ये शुद्ध आर्टेमिसिनिन हाती आलं, २०१५ ला त्यांना नोबेल मिळालं. आज मलेरियाच्या उपचारात त्यापासून बनवलेली औषधं जगभर वापरतात. झाड तेच, पानं तीच, नुसत्या उकळण्यामुळे औषध हातातून निसटत होतं.

बरं, ही रसायनं जंतूला मारतात कशी? बॅक्टेरिया म्हणजे एक पिशवी समजा, पिशवीची भिंत, तिच्या आतला पातळ पडदा, आणि आत यंत्रसामग्री. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल (लवंग म्हणजे न उमललेली कळीच आहे) त्या पडद्यात घुसून त्याला भोकं पाडतात, आतलं पोटॅशियम वगैरे बाहेर गळायला लागतं आणि पिशवी रिकामी होते. किराणा दुकानात 'ओव्याचं फूल' म्हणून पांढरे खडे मिळतात ना, ते बऱ्यापैकी शुद्ध थायमॉल असतं, आणि त्यात पुदिन्याचं फूल आणि कापूर घातला की तीन कोरडे पदार्थ मिळून पाणी होतं, आपली अमृतधारा. युजेनॉल तर डेंटिस्टकडे आजही आहे, झिंक ऑक्साईडमध्ये कालवून दातात भरतात, तो दवाखान्याचा ओळखीचा वास लवंगेचाच. बाभळीच्या सालीतलं टॅनिन दुसऱ्या पद्धतीने जातं, ते प्रथिनांना घट्ट धरून बसतं, चामडं कमावायला बाभळीची साल वापरतात ती त्याच गुणामुळे, आणि बाभळीची काडी चावली की तोंड आवळून येतं तेही त्यामुळेच. रिठ्यातलं सॅपोनिन साबणासारखं पडदे विरघळवतं. दारुहळदीतलं बर्बेरिन आत शिरून जंतूच्या डीएनएला चिकटतं.

आता अडचण. बॅक्टेरियांचे दोन मोठे गट आहेत, १८८४ मध्ये ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरने शोधलेल्या रंगाच्या टेस्टवरून त्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह म्हणतात. गळू-फोडांमध्ये सापडणारा स्टॅफ हा पॉझिटिव्ह. जुलाब, लघवीचं इन्फेक्शन करणारा ई. कोलाय निगेटिव्ह, आणि या निगेटिव्हवाल्यांच्या भिंतीबाहेर अजून एक पडदा असतो, अंगावर रेनकोट घातल्यासारखा. झाडांची बरीचशी रसायनं तिथेच अडतात. म्हणून बहुतेक रिपोर्टमध्ये स्टॅफवर मोठा गोल आणि ई. कोलायवर छोटा किंवा नाहीच असं दिसतं. आमच्या मुलीचा १८ एमएम पण स्टॅफवरचाच होता.

शिवाय जंतूंकडे पंप असतात. आत आलेलं विष उपसून बाहेर फेकायचे, विहिरीवर मोटर लावावी तसे. बर्बेरिन आत गेलं की पंप त्याला बाहेर टाकतो, त्यामुळे एकटं बर्बेरिन तसं दुबळं पडतं. पण २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दारुहळदीच्याच जातीच्या तिथल्या झुडपांमध्ये एक दुसरं रसायन शोधलं, स्वतः ते जंतूला काहीच करत नाही, फक्त स्टॅफचा तो पंप जाम करतं. मग बर्बेरिन आतच साठत जातं आणि जंतू मरतो. एकाच झुडपात विषपण आणि पंपाची वायर काढणारापण! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच किती वेळ नुसती बसून राहिले होते. आपण झाडातलं 'मुख्य घटक' शोधायच्या नादात एकेक रसायन वेगळं करत जातो आणि वेगळं केलं की जोर कमी का झाला म्हणून डोकं खाजवतो, झाडाने तर ते जोडीने वापरायला बनवलेलं असतं.

यातच एक मोठं कोडं उलगडतं. पेनिसिलिन बुरशीतून आलं, १९२८ ला फ्लेमिंगना दिसलं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतल्या जंतूपासून मिळालं. एकामागून एक अँटिबायोटिक बुरशीतून आणि मातीतून आली, आणि सुमारे ३ लाख जातींची फुलझाडं जगात असताना बॅक्टेरियाचं इन्फेक्शन रक्तात जाऊन बरं करणारं, थेट झाडातून काढलेलं अँटिबायोटिक डॉक्टरांच्या रोजच्या चिठ्ठीत दिसत नाही. मलेरियावर दोन मिळाली, एक वर सांगितलं ते आणि दुसरं सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन, १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू यांनी वेगळं काढलेलं, पण मलेरियाचा जंतू म्हणजे बॅक्टेरिया नव्हे. झाडाची लढायची पद्धतच वेगळी आहे, एक जालीम विष न बनवता ते दहा मध्यम विषं एकत्र वापरतं, आणि आपल्याला गोळीत भरायला एक जालीम हवं असतं.

जालीम म्हणजे किती, तर इथे गणित करावं लागतं. जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती रसायन लागतं त्या आकड्याला एमआयसी म्हणतात, आणि गोलापेक्षा हा आकडा हजार पटींनी महत्त्वाचा. चांगलं अँटिबायोटिक एका मिलिलिटरला १-२ मायक्रोग्रॅममध्ये काम करतं, कधी त्याहून कमी. झाडातून काढून शुद्ध केलेली बरीचशी रसायनं १०० ते १००० मायक्रोग्रॅम मागतात. आपल्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. २ मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने त्यात १० मिलिग्रॅम औषध पुरतं. १००० च्या हिशोबाने ५ ग्रॅम, तेही शुद्ध रसायन, सगळं पोटातून रक्तात गेलं असं धरून, आणि प्रत्यक्षात तसं कधीच सगळं जात नाही. हळदीतलं कर्क्युमिन घ्या, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, खाल्लेल्यातलं फारच थोडं रक्तापर्यंत पोचतं. म्हणून हळद जखमेवर दाबणं आणि हळद खाऊन रक्तातलं इन्फेक्शन बरं होईल म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि गोल फसवतो कसा तेही ऐका. आगर म्हणजे बहुतेक पाणीच, त्यात पाण्यात विरघळणारी रसायनं झरझर पसरतात, तेलकट रसायनं तर्रीसारखी एका जागी बसून राहतात. त्यामुळे दमदार तेलकट रसायनाचा गोल छोटा आणि दुबळ्या पण पसरणाऱ्याचा मोठा, असं सर्रास होतं. शिवाय १८ एमएममध्ये ६ एमएम तर भोकाचेच.

माझी आजी पारोळ्याकडची, अहिराणी बोलायची. गुडघा फुटला की बांधावरची कंबरमोडी तोडून तळहातावर चोळायची आणि तो हिरवा रस जखमेवर पिळायची, 'लाव, दोन दिनमा बरं व्हई जाई'. आणि व्हायचं बरं. दगडी पाला, एकदांडी अशी तिला बरीच नावं आहेत, पिवळट मधला भाग आणि कडेला पांढऱ्या पाकळ्या असलेलं बारीक फूल. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली आहे हे मला खूप उशिरा कळलं. म्हणजे बाहेरून आलेलं तण, आणि आपल्या लोकांनी ते लावून बघितलं, काय होतं ते लक्षात ठेवलं आणि पुढच्या पिढीला दिलं. पिढ्यान् पिढ्या केलेलं निरीक्षण आहे ते, मी त्याला कधीच हलकं म्हणणार नाही.

जगानेही ते हलकं समजलं नाही, उलट चोरायला बघितलं. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर चक्क पेटंट दिलं गेलं. आपले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशभर सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे, प्रमुख होते, सीएसआयआरने जुने छापील पुरावे मांडून ते लढवलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कडूनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक गुणावरचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं आणि त्यावरचं अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. या दोन्ही वेळेला उपयोगी पडली ती लिहून ठेवलेली आणि सिद्ध करता येईल अशी माहिती. आणि सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा लोकांकडची झाडांची जी माहिती आहे ती बहुतेक तोंडी आहे, म्हणून मला जास्त काळजी वाटते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांची नोंदवही करायची सोय केलीय, ती नुसती रकाने भरून नको, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून व्हायला हवी.

पण आजीची कंबरमोडी खरचटलेल्या गुडघ्यावरची होती, हे विसरलं की काय होतं ते आमच्याच घरात झालं. माझ्या मोठ्या काकांना बऱ्याच वर्षांची शुगर. पायाच्या अंगठ्याला काटा लागला, त्यांनी आधी रुईचा चीक लावला, मग कोणीतरी सांगितलेला पाला वाटून फडक्याने बांधला, दुखत नव्हतं म्हणून तीन आठवडे काढले. शुगरमध्ये पायाची जाणीवच कमी होते, न दुखणं हीच धोक्याची खूण होती, आणि कापडाखाली ओलसर पाला म्हणजे जंतूंना घरच. जळगावला नेलं तोवर अंगठा काळा पडला होता, काढावा लागला. काकांवर किंवा पाला सांगणाऱ्यावर मी चिडत नाही, कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला सांगते, शुगरवाल्याच्या पायाची जखम, खोल जखम, ताप आलेली जखम, पसरत जाणारी लाली, यावर पाला नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

झाडाचं म्हणजे निरुपद्रवी, हेही काढून टाका डोक्यातून. रुईचा तोच चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करतो. कण्हेर जीवघेणी, धोत्रा जीवघेणा. जंतूच्या पडद्याला भोक पाडणारं रसायन आपल्या पेशीच्या पडद्यालाही पाडू शकतं, सॅपोनिन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं. म्हणून लॅबमध्ये एमआयसी काढल्यावर लगेच माणसाच्या पेशींवर तेच रसायन टाकून बघतात, जंतू ज्या डोसला मरतो त्याच डोसला आपली पेशीही मरत असेल तर ते औषध नाही, नुसतं विष.

मग एवढा खटाटोप करायचा कशाला? तर जुनी औषधं चालेनाशी होताहेत म्हणून. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे थेट झालेले मृत्यू जगात सुमारे १२ लाख ७० हजार, असा अंदाज आहे. आपल्याकडे सर्दीला (सर्दी व्हायरसने होते, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही) मेडिकलवरून तीन गोळ्या आणून दोन खाल्ल्या की झालं, अशी सवय आहे. अशा वेळी पंप जाम करणारी रसायनं फार कामाची ठरू शकतात, जुन्याच अँटिबायोटिकला जोडीदार म्हणून. आपल्या सातपुड्यात पांढरा कुडा आहे, त्याची साल आव-जुलाबावर किती जुन्या काळापासून वापरतात. त्यातल्या कोनेसीन नावाच्या अल्कलॉइडने एका चिवट ग्रॅम निगेटिव्ह जंतूचा पंप अडवल्याचं लॅबमध्ये दिसलंय. औषध व्हायला अजून लांबचा पल्ला आहे, पण बघण्यासारखी दिशा आहे ही. आणि शरीराच्या बाहेर तर झाडांची रसायनं आजही छान कामं करतात, गुळण्यांच्या औषधात थायमॉल, दातात युजेनॉल, शेतात सूत्रकृमीवर झेंडू, त्याच्या मुळांत टरथिनाइल असतं म्हणून केळीवाले झेंडू लावतात. तिथे रक्तात किती पोचलं हा प्रश्नच येत नाही, जास्त डोस थेट जागेवर देता येतो.

त्या मुलीला मी एवढं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, अगं, कंट्रोल कुठेय? तिने मिथेनॉलमध्ये अर्क काढला होता आणि तसाच भोकात टाकला होता. मिथेनॉल स्वतःच जंतूंना मारतं, म्हणून तुलनेसाठी अर्काशिवाय नुसत्या मिथेनॉलचं एक भोक हवं, तोच कंट्रोल. दुसऱ्या दिवशी तिने नुसतं मिथेनॉल टाकून प्लेट लावली, १३ एमएम. मग मिथेनॉल पूर्ण उडवून, उरलेला गाळ डीएमएसओ नावाच्या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून, शेजारी नुसत्या डीएमएसओचं भोक ठेवून परत केलं, तेव्हा डीएमएसओभोवती काहीच नाही आणि निंबाभोवती १० एमएम. भोक वजा केलं तर दोन्ही बाजूंना दोन-दोन एमएम. ती बराच वेळ गप्प बसून होती, मग वहीत तारीख टाकून तिने तो १० एमएम लिहिला, आधीचा १८ खोडला नाही, त्याच्यापुढे 'कंट्रोल नव्हता' एवढं लिहिलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

जूनमध्ये तिचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. सुट्टीत मामाकडे गेली होती, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर्तमानपत्रावर कुड्याची साल वाळत घातलेली आणि शेजारी पांढऱ्या फुलांची फांदी दोन कागदांत दाबून ठेवलेली, कारण काळा कुडा आणि पांढरा कुडा लोकं नेहमी गल्लत करतात आणि नुसत्या सालीवरून ओळखणं अवघड जातं. खाली चिठ्ठी, गावाचं नाव, तारीख, झाडाची उंची, कोणी दाखवलं ते. आणि मेसेज, मॅडम या वेळी पाण्यातला, मिथेनॉलमधला आणि हेक्झेनमधला तिन्ही वेगळे काढते, डीएमएसओ संपलंय, मागवून ठेवाल का?